पावसाआधी उल्हासकाठाची नोंद झालीच पाहिजे!

शहाड, मोहने, आंबिवली, म्हारळ, वरप आणि कांबा इथल्या सर्व रहिवाशांना कळकळीचं आवाहन



शहाड सोडून लोकल आंबिवलीकडे निघाली की पुलाखाली उल्हास नदी लागते. उन्हाळ्यात मात्र तिथे पाणी दिसत नाही, दिसते ती काठापासून काठापर्यंत माजलेली जलपर्णी. नवखा प्रवासी त्याला कुरण समजतो. आपण रोजचे प्रवासी एक नजर टाकतो आणि पुन्हा मोबाईलकडे वळतो. ही सवय आता मोडायला हवी, कारण पावसाळा तोंडावर आला आहे आणि त्याआधी करण्याचं एक मोठं काम आपल्या हातात आहे.

काठावर उतरून जलपर्णीचं एक रोप उपटून पाहा. देठाचा फुगलेला भाग बोटांनी दाबला की आतली हवा फुस्सकन निघते. याच हवेवर ते रोप तरंगतं. खाली मुळांचा काळा, केसाळ झुपका आणि त्यात अडकलेला ओशट गाळ. मूळ दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पोषक पाणी मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचं बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तिला लागणारं नत्र आणि स्फुरद आपल्याच सांडपाण्यातून नदीत उतरतं. मोहने बंधाऱ्यामागे पाणी संथ झालं की तिथे तिचं आयतं फावतं. पृष्ठभाग झाकला गेला की खाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

आणि हेच पाणी आपण पितो. मोहिलीच्या केंद्रातून ते कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. शहाड-टेमघर योजनेतून, म्हणजे ‘स्टेम’मधून, ते ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदरपर्यंत पोहोचतं. लोणावळा-राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी, सुमारे १२२ किलोमीटर लांबीची ही नदी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही वाहती राहते. कोकणातल्या फार थोड्या नद्यांच्या नशिबी हे सुख आहे. असं बारमाही पाणी दाराशी असूनही आपण ते राखलं नाही, तर पुढची पिढी आपल्याला माफ करणार नाही.

दर वर्षी ओरड होते, यंत्रं येतात, जलपर्णीचे ढीग काठावर पडतात आणि पुढच्या हंगामात सगळं पुन्हा उगवतं. वरातीमागून घोडं आणून नदी वाचत नाही. ‘वनशक्ती’ संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक संस्थांना दंड ठोठावला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालय आदेश देऊ शकतं; काठावर रोज लक्ष ठेवणं मात्र काठावर राहणाऱ्यांनाच जमतं. त्यासाठी लागणारी व्यवस्था कायद्याने केव्हाच करून ठेवली आहे. आपण तिचा वापर करत नाही, एवढंच.

या व्यवस्थेचं नाव जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैवविविधता अधिनियम २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, मग ती महापालिका असो वा ग्रामपंचायत, अशी समिती नेमणं बंधनकारक आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या समितीत किमान सात आणि कमाल अकरा सदस्य असतात. अधिवास जपणं, जैविक संपत्तीचा वापर बेताने होतो की नाही हे पाहणं आणि लोकांजवळ असलेलं ज्ञान लिहून ठेवणं ही तिची कामं. त्यातलं पायाभूत काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. गावात, वॉर्डात काय उगवतं, काय पोहतं, काय उडतं, कोण त्यावर जगतं आणि गेल्या काही वर्षांत काय नाहीसं झालं, हे सारं लोकांच्या तोंडून ऐकून लिहायचं. ही कल्पना डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात गावोगावी रुजवली.

समित्या नेमून नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि त्यानंतर चुकणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरायला सांगितले, तेव्हा देशभर धावाधाव झाली. आज देशात अडीच लाखांहून अधिक समित्या आहेत. पण समिती असणं वेगळं आणि तिने काम करणं वेगळं. मुदतीच्या धाकाने भरलेल्या वहीत आंबा, वड, कावळा, चिमणी एवढं लिहूनही रकाने भरतात. शहाडच्या काठाचं खरं चित्र त्यात यायचं असेल, तर ते आपण सांगितल्याशिवाय येणार नाही.

एक पान कसं असावं, ते पाहा. नाव: वलगणीचे मासे. कधी: पहिल्या जोरदार पावसात, नदीचे मासे अंडी घालायला ओढ्यांतून आणि शेताच्या पाटांतून वर चढतात तेव्हा. कुठे: कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी, कोणत्या मोरीखाली. कोण पकडतं: कातकरी आणि काठावरचे इतर लोक, पाग टाकून. पूर्वी किती मिळत, आता किती. ओढा बुजवला गेला का, कधी. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. असं एक पान हाती असेल, तर उद्या त्या ओढ्यावर भराव पडू लागल्यावर ‘इथे काही नव्हतंच’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

दुसरं पान रानभाज्यांचं. पावसाच्या तोंडावर आदिवासी बायका टोपलीत शेवळं घेऊन येतात, सोबत काकडं. मग टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी. ही भाजी कोणत्या माळावरून येते, तो माळ शिल्लक आहे का, हे त्या बायकांइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिसरं पान पक्ष्यांचं: खंड्या, वंचक, पाणकावळा, टिटवी, हिवाळ्यात येणारा धोबी. चौथं काठावरच्या उंबर, करंज, जांभळांचं. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने वारसावृक्षाचा दर्जा दिला आहे. पण त्याचं वय कुठे लिहिलेलंच नसेल, तर तो दर्जा मिळवून देणार कोण?

बाहेरचं एक उदाहरण सांगण्याजोगं आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९५७ साली कायदा करून गावांना स्वतःचा निसर्गसंवर्धन आयोग नेमण्याची मुभा दिली. आज तिथल्या प्रत्येक गावात आणि शहरात असा आयोग आहे. गावचेच रहिवासी, बहुतेक विनावेतन, त्यावर बसतात. पाणथळ जागेत किंवा तिच्या लगत कुणाला भराव टाकायचा, खोदायचं वा बांधायचं असेल, तर आधी या आयोगापुढे जाहीर सुनावणी होते आणि शेजारीपाजारी उभे राहून प्रश्न विचारतात. आपल्या समितीला बांधकाम अडवण्याचा असा अधिकार नाही, हे खरं. पण तिची नोंद अधिकृत असते. ती हरकतीला जोडता येते, लवादापुढे ठेवता येते. शिवाय जैवविविधता अधिनियमाच्या कलम ३७ नुसार एखादी जागा जैविक वारसास्थळ म्हणून घोषित होऊ शकते. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका चिमुकल्या माशासाठी राज्य सरकारने २०२१ साली तो परिसर वारसास्थळ केला. त्या माशाची नोंद झाली, म्हणूनच हे घडलं.

घाई एवढ्यासाठी की पाऊस सुरू झाला की जलपर्णी वाहून जाते आणि तिच्याबरोबर आपला संतापही. वलगण चार दिवसांची, शेवळं दोन-तीन आठवड्यांची. ती हुकली की वर्ष गेलं. आणि पूर कुणासाठी थांबत नाही. २६ जुलै २००५ आपण सोसला. २०१९ च्या जुलैत याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. राडारोडा टाकून काठ उंचावला, ओढे बुजवले, तर ते पाणी आपल्याच तळमजल्यात शिरणार आहे.

म्हणून प्रत्येक घराकडून या गोष्टी हव्यात.

१. माहिती मागा. आपल्या महापालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या समितीत कोण सदस्य आहेत, शेवटची बैठक कधी झाली, तिचं इतिवृत्त आणि नोंदवहीची प्रत, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर.

२. नोंदी करा. प्रत्येक सोसायटीने, शाळेने, मंडळाने आपापल्या जवळचा काठ वाटून घ्यावा. फोटो, ठिकाण, तारीख, स्थानिक नाव. कल्याणच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह यात उतरावं.

३. जाणत्यांचं ऐका. कातकरी वाडीतले मासे धरणारे, भाजीवाल्या मावशी, नदीत पोहायला शिकलेले आजोबा यांच्याकडे स्वतः जा. त्यांना कार्यालयात बोलावू नका. माहिती त्यांची आहे, म्हणून वहीत नावही त्यांचंच आलं पाहिजे.

४. एकत्र बैठकीची मागणी करा. शहाड परिसर कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगर अशा दोन महापालिकांत विभागलेला आहे, वरच्या अंगाला ग्रामपंचायती आहेत. एकीचं सांडपाणी दुसरीच्या पाणीयोजनेत उतरतं. या सगळ्या समित्यांची संयुक्त बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी.

५. पूररेषा पाहा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नकाशावर आपली इमारत आणि काठावरचा प्रत्येक नवा भराव कुठे येतो, ते तपासा. भराव दिसला तर फोटोसह लेखी तक्रार करा.

६. झाड तोडण्याची जाहीर सूचना दिसली की हरकतीची मुदत संपण्याआधी लेखी हरकत द्या. ही मुदत बहुधा सातच दिवसांची असते.

७. जलपर्णी फुलून बी धरण्याआधी, हिवाळ्यातच काढायला लावा आणि नाल्यांचं सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडणं बंद करण्याचा आग्रह धरा. आपणही निर्माल्य आणि प्लॅस्टिक पुलावरून खाली टाकणं आजपासून थांबवूया.

या कामाला ना निवडणूक लागते, ना मोठा निधी. माहिती असलेली माणसं आपल्यातच आहेत आणि कायदा आपल्या बाजूने आहे. हा मजकूर आपल्या इमारतीच्या फलकावर लावा, गटांवर पाठवा, मोठ्याने वाचून दाखवा. येत्या रविवारी आपापल्या इमारतीखाली पाच जणांनी जमावं, काठ वाटून घ्यावा आणि पहिल्या अर्जावर सह्या कराव्यात. सोमवारी कार्यालय उघडताच तो अर्ज आवक खिडकीवर पोहोचलाच पाहिजे.