ऑडिटरने काय पाहिले, ते लिहा

वार्षिक सभा जवळ आल्या की सहकारी बँकांचे अहवाल सभासदांच्या हाती पडतात. त्यात ताळेबंद असतो, नफा-तोटा पत्रक असते आणि वैधानिक लेखापरीक्षकांचा अहवालही असतो. विषयपत्रिकेवर त्याच्या वाट्याला ‘वाचून नोंद घेणे’ एवढेच येते. मजकूर बहुतेक ठरलेला: आवश्यक ती माहिती मिळाली, हिशेब खरे व वाजवी चित्र दाखवतात. ऑडिटरने नेमके काय तपासले, शंका कुठे आली, कुठे व्यवस्थापनाच्या शब्दावर विसंबावे लागले, हे ठेवीदाराला कळत नाही. ज्याच्या आयुष्यभराच्या बचतीसाठी ही सारी तपासणी, त्यालाच तिचा तपशील मिळत नाही, हे मला मान्य नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेने मार्च २०१९ अखेर ढोबळ एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचे प्रमाण, ३.७६ टक्के दाखवला होता. सहाच महिन्यांनी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. कर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती. ती झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींची रोकड पुस्तकात होती, तिजोरीत नव्हती. रोकड मोजणे हे ऑडिटमधले सर्वांत साधे काम. न कळवता शाखेत जायचे, तिजोरी उघडायला लावायची, गड्ड्या मोजायच्या, रोकडवहीशी ताळा घ्यायचा आणि तारीख-वेळ घालून सह्या घ्यायच्या. तो कागद ऑडिटरच्या फायलीत राहतो. कोणत्या शाखेत, कोणत्या दिवशी, किती रोकड स्वतः मोजली ही एक ओळ अहवालात सक्तीची केली, तर न मोजता सही करणे फार अवघड होईल.

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांसाठी ही वाट आधीच खुली झाली आहे. १ एप्रिल २०१८ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी त्यांच्या ऑडिटरांना लेखापरीक्षणातील महत्त्वाच्या बाबी अहवालात स्वतंत्रपणे मांडाव्या लागतात. सहकारी बँकांना ही सक्ती नाही, आणि देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. अर्थात नुसती सक्ती पुरणार नाही. कंपन्यांच्या अहवालांत जोखीम सांगतात, कोणती तपासणी केली तेही सांगतात. निष्कर्ष मात्र बहुधा गाळतात, आणि पुढच्या वर्षी तोच मजकूर थोड्याफार फरकाने परत येतो. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइसच्या २०१३ च्या हिशेबांवर केपीएमजी या ऑडिट संस्थेने प्रत्येक जोखमीपुढे आपल्याला काय आढळले, व्यवस्थापनाचे अंदाज कुठे संतुलित आणि कुठे किंचित आशावादी आहेत, हेही लिहिले होते. आपल्याकडे हवे आहे ते हेच.

यावर पहिला आक्षेप असा, की खातीच बनावट असतील तर लांबलचक अहवालाने काय साधणार? संगनमताची फसवणूक कोणताही अहवाल हमखास पकडणार नाही, हे खरे. पण सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांपैकी किती जणांकडून थेट बाकीची खातरजमा केली, हे सहीनिशी लिहावे लागले, तर ती करावीच लागेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शंका छापली की ठेवीदार घाबरून रांगा लावतील. मात्र मोठ्या नोंदणीकृत बँकांचे ऑडिटर थकीत कर्जांची वर्गवारी आणि संगणक यंत्रणा या बाबी वर्षानुवर्षे अहवालात मांडत आहेत. त्यापायी कुठे रांगा लागल्या नाहीत. पीएमसीबाहेर रांगा लागल्या त्या निर्बंध आल्यावर, जेव्हा हाती काहीच उरले नव्हते. खर्चाचा मुद्दा छोट्या बँकांपुरता खरा आहे, म्हणून सुरुवात हजार कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँकांपासून करावी.

सहकारी बँकांच्या ऑडिटरांच्या नेमणुकीला २०२० च्या कायदादुरुस्तीपासून रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते. त्या मंजुरीलाच ही अट जोडावी, आणि अहवालाचा हा भाग सभासदांना मराठीत द्यावा. तोवर सभासदांनी येत्या सभेत, आवाजी मताने विषय मंजूर होण्याआधी उभे राहून विचारावे: रोकड कोणत्या तारखेला मोजली, आणि कोणी?