गिरणीवरचा कर नक्की भरला कोणी? मुंबई, १८९६ ते १९२६

१/ कंपन्यांवरील करांचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : 'कंपनीवर कर लावा, सामान्य माणसाला त्याची झळ नाही.' दुसरे : 'कंपनी कर भरतच नाही, तो ग्राहकाच्याच खिशातून जातो, तेव्हा कर कमी करा.' ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत. कशी, ते मुंबईच्या गिरण्यांच्या तीस वर्षांच्या इतिहासावरून पाहू. #धागा

२/ आधी पार्श्वभूमी. लँकेशायरच्या कारखानदारांच्या आग्रहापुढे नमून सरकारने १८८२ मध्ये कापडावरील आयात जकात रद्द केली. पुढे रुपयाचा भाव घसरला, तिजोरीत तूट आली आणि डिसेंबर १८९४ मध्ये परदेशी सूत-कापडावर ५ टक्के जकात पुन्हा बसवावी लागली.

३/ लँकेशायरला ही जकात खुपली. तोल साधायचा म्हणून भारतीय गिरण्यांच्या २० नंबरच्या वरच्या सुतावरही तेवढाच अबकारी कर लादण्यात आला. तरीही समाधान होईना. फेब्रुवारी १८९६ मध्ये सूत करमुक्त झाले, परदेशी कापडावरील जकात ३.५ टक्क्यांवर आली आणि भारतीय गिरण्यांत विणलेल्या सगळ्या कापडावर ३.५ टक्के अबकारी बसली. हातमाग तेवढा वगळला.

४/ या बदलाचा अर्थ नीट पाहा. तलम विलायती कापड नेसणाऱ्यावरचा कर उतरला. गिरणीचे जाडेभरडे कापड नेसणाऱ्या शेतकऱ्यावर नवा कर आला. वास्तविक या जाड्याभरड्या कापडाची लँकेशायरशी स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. रमेशचंद्र दत्तांनी आपल्या आर्थिक इतिहासात या करावर कठोर टीका केली. पुण्यात टिळकांनी विलायती कापडावरील बहिष्काराची हाक दिली.

५/ इथवर 'कर ग्राहकच भरतो' हे म्हणणे खरे वाटते. पण कथा पुढे आहे. १९१७ मध्ये आयात जकात ७.५ टक्के झाली, १९२१ मध्ये ११ टक्के. अबकारी मात्र ३.५ टक्क्यांवरच राहिली. महायुद्धामुळे परदेशी माल कमी येत होता, कापडाचे भाव चढले होते आणि त्या तेजीत गिरण्यांनी घसघशीत लाभांश वाटले. कर तोच होता, पण त्यापायी गिरण्या बुडाल्या नाहीत.

६/ तेजी ओसरली. जपानी माल बाजारात आला. आता करापोटी कापडाचा भाव चढवावा, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाणार. ग्राहकावर बोजा टाकण्याची वाट अशी बंद झाली. राहिले दोघे : भागधारक आणि कामगार. गिरणीमालकांनी निवड केली. सप्टेंबर १९२५ पासून पगारात ११.५ टक्के कपात जाहीर झाली.

७/ सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंत गिरणगाव थंड होते. अनेक कामगारांनी कोकणातले गाव गाठले. मालकांचे म्हणणे असे होते : सरकारने अबकारी उठवावी, आम्ही कपात मागे घेऊ. हे म्हणणे पुन्हा एकदा वाचा. कराची रक्कम कोणाच्या पगारातून वसूल करायची आहे, हे मालकांनी स्वतःच उघड सांगितले होते.

८/ १ डिसेंबर १९२५ पासून व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी अबकारी स्थगित केली. कपात मागे घेतली गेली, संप मिटला. १९२६ मध्ये कर कायमचा रद्द झाला. हा प्रसंग सहसा राष्ट्रीय उद्योगाचा विजय म्हणून सांगितला जातो. तो कर अन्याय्य होता आणि तो जाणे योग्यच होते, यात शंका नाही.

९/ पण जमाखर्च मांडा. गिरणीचा ३.५ टक्के कर वाचला. कामगाराला काय मिळाले? त्याचाच जुना पगार. एका पैचीही वाढ नाही. वर अडीच महिन्यांची बुडालेली मजुरी. आणि तो जुना पगारही कर उतरल्यामुळे आपोआप परत आला नाही, त्यासाठी दीड लाख लोकांना उपाशी राहावे लागले.

१०/ पुढे तीन वर्षेही धड गेली नाहीत. कमी माणसांत जास्त माग चालवण्याची योजना आणि मजुरीतली घट यांविरुद्ध एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला. तेव्हा अबकारी कुठेच नव्हती. कर गेला तरी कामगारावरचा दाब राहिलाच.

११/ यातून निघणारी गोष्ट साधी आहे. कर कोणी जमा करायचा हे कायदा ठरवतो. तो कोणी सोसायचा हे मात्र बाजारातल्या बळाबळावर ठरते. ज्याला दुसरा पर्याय आहे तो सटकतो. ज्याला नाही त्याच्या माथी कर बसतो. म्हणूनच तोच कर १८९६ मध्ये गरीब गिऱ्हाइकावर पडला आणि १९२५ मध्ये कामगारावर ढकलला गेला.

१२/ कोणी म्हणेल, अबकारी उत्पादनावर असते, आजचा कंपनी कर नफ्यावर असतो. आक्षेप रास्त आहे. पण तो 'ग्राहकच भरतो' म्हणणाऱ्यांच्याच विरुद्ध जातो, कारण नफ्यावरचा कर किमतीत मिसळणे अधिक अवघड असते. अर्थतज्ज्ञ आर्नोल्ड हार्बर्गर यांनी १९६२ मध्ये मांडले की बंदिस्त अर्थव्यवस्थेत हा बोजा जवळजवळ सगळा भांडवलावरच पडू शकतो. भांडवल देशाबाहेर जाऊ शकत असेल, तर त्यातला वाटा मजुरीकडे सरकतो. किती, यावर वाद आहे.

१३/ सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याकडे सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी कराचा मूळ दर २२ टक्क्यांवर आणला गेला. सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल. गुंतवणूक आणि रोजगार वाढेल, असा युक्तिवाद झाला. पण सुटलेल्या करातला वाटा पगारात किंवा किमतीत उतरेल, अशी अट कुठे होती?

१४/ कर वाढला की बोजा खाली झिरपतो आणि कर उतरला की लाभ वरच अडतो, असे जो सांगतो, तो अर्थशास्त्र सांगत नाही. बळ कोणाकडे आहे तेवढे सांगतो. करावरची चर्चा वाचताना दराचा आकडा जरूर पाहा. त्याच्या शेजारी आणखी दोन प्रश्न लिहून ठेवा : भाव कोण ठरवतो? आणि पगार ठरताना समोर संघटित कामगार आहे का? १९२५च्या संपात धडपडलेल्या ना. म. जोशींनी १९२६ मध्ये गिरणी कामगारांची कायमस्वरूपी युनियन उभी केली, ती याच दुसऱ्या प्रश्नासाठी.