फिरत्या चक्राचा खेद कुणी मानायचा?

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळ झाला होता, घरात पाहुणे होते आणि ऐंशीला टेकलेल्या आमच्या वडिलांनी त्यांच्या तरुणपणीचा एक मराठी चित्रपट टीव्हीवर लावायला सांगितला. नातवाने तो चुटकीसरशी शोधून दिला. दहा मिनिटे झाली नसतील, तोच चित्र थबकले आणि पडद्याच्या मधोमध ते सर्वपरिचित चक्र फिरू लागले. चित्र हलले, पुन्हा थांबले. तिसऱ्या खेपेला वडिलांनी हातातला रिमोट हळूच टीपॉयवर ठेवला आणि ओशाळून विचारले, ''माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का रे?''

त्यांच्याकडून काहीही चुकले नव्हते. पण त्या प्रश्नाने मला अस्वस्थ केले. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले, जोडणी शंभर एमबीपीएसची, टीव्ही नवा. तरीही बिघाड झाल्याबरोबर अपराधी कोण वाटून घेतो, तर ज्याचा त्यात काडीचाही हात नाही तो!

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळापासून टीव्ही पाहणाऱ्यांना 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी आठवत असेल. त्या पाटीची आपण मनसोक्त थट्टा केली. पण तिच्यात एक सभ्यता होती. बिघाड आमच्याकडे आहे, तुमच्या संचात नाही, एवढे ती निदान कबूल करत असे. आजचे चक्र खेद मानत नाही, कारणही सांगत नाही. चित्रपट पुरवणारा म्हणतो, तुमचे इंटरनेट मंद आहे. इंटरनेटवाला म्हणतो, तुमचा टीव्ही जुना आहे. टीव्हीवाला म्हणतो, तुमचा वायफाय तपासा. या टोलवाटोलवीत ग्राहकाने नेमके काय समजून घ्यायला हवे, याचा हा विचार.

नळ आणि पिंप

चाळीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना ही यंत्रणा समजायला वेळ लागणार नाही. नळाला पाणी येते तेव्हा आपण पिंप भरून ठेवतो आणि दिवसभर पिंपातले पाणी वापरतो. नळाची धार मध्येच बारीक झाली तरी स्वयंपाक अडत नाही. इंटरनेटवरचा चित्रपटही असाच येतो. तो सलग येत नाही. काही सेकंदांचे तुकडे करून येतो. टीव्ही ते तुकडे आधीच मागवून आपल्या पिंपात साठवतो आणि तिथून पडद्यावर दाखवतो. पिंप रिकामे झाले की चक्र फिरते.

यात आणखी एक सोय आहे. प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक प्रतींमध्ये तयार असतो. धार बारीक झाल्याचे लक्षात आले की टीव्ही हलक्या प्रतीचा तुकडा मागवतो. चित्र एकदम धूसर होते आणि थोड्या वेळाने पुन्हा लख्ख होते, ते यामुळे. म्हणजे चित्र धूसर होणे ही पहिली सूचना आणि चक्र फिरणे ही शेवटची.

आता थोडे गणित. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग पुरतो. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवर फुल एचडीचे वीस संच चालायला हवेत. मग आमचा एकच का अडखळावा? याचा अर्थ, आपण ज्या वेगाचे पैसे भरतो तो आणि टीव्हीपर्यंत पोचणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गळती वाटेत कुठे तरी होते.

गळती घरात

आमच्या घरात ती चपलांच्या कपाटात सापडली. जोडणी द्यायला आलेल्या मुलाने वायर वाचवण्यासाठी दाराशेजारीच राउटर बसवला आणि तो वाईट दिसतो म्हणून आम्हीच तो कपाटात सारला. तिथून टीव्हीपर्यंत दोन काँक्रीटच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. बिघाडात आमचाही वाटा होता, हे मान्य केलेले बरे.

वायफाय म्हणजे रेडिओलहरी. त्या प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतींतून बऱ्यापैकी पार जातो. पण त्याच्यावर गर्दी फार. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच, आणि आपल्या इमारतीत राउटर वीस-पंचवीस! शेजाऱ्याचा, वरच्या मजल्यावरचा, समोरच्या दवाखान्याचा, सगळे त्याच तीन वाटांवर. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो, त्यामुळे भाजी गरम करताना चित्र अडखळले तर नवल नाही. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान. पण भिंतीपुढे तो लवकर दमतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही या दुसऱ्या पट्ट्यावर घ्यावा. त्याहून उत्तम उपाय जुनाच आहे: वायर. टीव्हीमागे बहुधा वायरीसाठी खाच असते आणि आपण ती कधी वापरत नाही.

उरला तो संच. टीव्हीला मागून लावायची छोटी कांडी किंवा डबी हा खरे तर एक लहानसा संगणकच आहे. त्यात डझनभर ॲप भरली आणि महिनोन्महिने तो बंदच केला नाही, तर तो मंदावतो. कांडीला वीज टीव्हीच्याच खाचेतून दिली असेल तर ती अपुरी पडू शकते; सोबत आलेला ॲडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावावा. आठवड्यातून एकदा कांडी आणि राउटर दोन्ही पूर्ण बंद करून सुरू करावेत. नको असलेली ॲप काढावीत.

दोष कुठे आहे हे ओळखायला तंत्रज्ञ लागत नाही. तोच चित्रपट टीव्हीशेजारी उभे राहून, मोबाइलचा डेटा बंद ठेवून, घरच्या वायफायवर मोबाइलमध्ये लावा. तिथे सुरळीत चालला, तर संशय टीव्हीवर. तिथेही अडला, तर राउटरजवळ जाऊन पाहा. राउटरजवळ चालला, तर दोष भिंतींचा आणि अंतराचा. तिथेही अडला, तर मामला घराबाहेरचा.

गळती घराबाहेर

घराबाहेरच्या मामल्याची खूण वेळेत असते. सकाळी सहाला सुरळीत आणि रात्री नऊला अडखळत, असे रोज होत असेल तर तुमचा टीव्ही निर्दोष आहे. कंपनी एकच मोठी वाहिनी अनेक घरांत वाटून देते. सगळेजण एकदम वापरणार नाहीत, हा तिचा हिशेब. हिशेब गैर नाही.  प्रश्न प्रमाणाचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी हे प्रमाण एकास पन्नासच्या पुढे जाऊ नये, असे सांगितले होते. रात्री नऊला पन्नासपैकी चाळीस घरे टीव्हीसमोर बसली की काय होते, ते वेगळे सांगायला नको.

दुसरी जागा कंपनीच्या वेशीवरची. मोठ्या चित्रपट सेवा आपल्या चित्रपटांच्या प्रती इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत किंवा त्यांच्या जवळच ठेवतात, म्हणजे प्रत्येक वेळी समुद्रापार जावे लागत नाही. पण दोन जाळी जिथे जोडली जातात तिथला सांधा अरुंद असेल तर? अमेरिकेत हे जगजाहीर झाले. तिथल्या कॉमकास्ट या कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स मंद दिसू लागले. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी कॉमकास्टला पैसे देण्याचे मान्य केले आणि वेग सुधारला. ग्राहकाच्या घरात काहीही बदलले नव्हते. व्यवहार दोन कंपन्यांमधला होता.

वेग मोजणाऱ्या चाचण्याही म्हणूनच फसवतात. चाचणी बहुधा जवळच्या यंत्रापर्यंतचा वेग मोजते, चित्रपट मात्र दुसऱ्या वाटेने येतो. जवळचा रस्ता मोकळा असला म्हणून घाटातली कोंडी सुटत नाही.

तिसरी जागा खुद्द पुरवणाऱ्याची. साठवलेला चित्रपट आणि थेट प्रक्षेपण यांत मोठा फरक आहे. चित्रपट आगाऊ पोचवून ठेवता येतो, सामना नाही. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक होते. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेटफ्लिक्सने टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत थेट दाखवली, तेव्हा बलाढ्य म्हणवणाऱ्या या कंपनीच्याही असंख्य प्रेक्षकांसमोर चक्र फिरले. त्या रात्री घरोघरी कितीजणांनी आपलाच राउटर बंद-चालू केला असेल!

'पर्यंत' या शब्दाची किंमत

आता मुद्दा हक्काचा. जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' असे छापलेले असते. सगळी गोम या 'पर्यंत'मध्ये आहे. शंभर ही कमाल मर्यादा. किमान किती मिळेल, याबद्दल जाहिरात मौन पाळते. किराणा दुकानदाराने 'एक किलोपर्यंत साखर' विकली असती तर आपण खपवून घेतले असते का?

सरकारी व्याख्याही ग्राहकाच्या फारशा कामाची नाही. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असे ठरले होते. जानेवारी २०२३ मध्ये ही मर्यादा २ एमबीपीएस झाली. म्हणजे आजही जिला कायदेशीरपणे ब्रॉडबँड म्हणता येते, त्या जोडणीवर साधे एचडी चित्रही नीट चालेल याची हमी नाही. 'अमर्याद' योजनांचेही तसेच. बारीक अक्षरांत एक मर्यादा असते आणि ती ओलांडली की धार करंगळीएवढी होते. फुल एचडी चित्र तासाला सुमारे सव्वादोन जीबी खाते, फोर-के पावणेसात. महिनाअखेरीसच चक्र फिरत असेल, तर आधी ही बारीक अक्षरे वाचावीत.

नियम अगदीच नाहीत असे नाही. ट्रायच्या २००६ च्या विनियमांतच घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंत मिळाला पाहिजे, असा निकष होता. सेवेच्या दर्जाचे नवे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्याच महिन्यात इमारतींना डिजिटल जोडणीच्या निकषावर मानांकन देण्याचे विनियमही निघाले. एकाच कंपनीला आवारात शिरू देणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी यावर विचार करावा. दुसरा विक्रेता दारात आल्याशिवाय पहिल्याची धार वाढत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे.

तक्रारीची वाट मात्र कागदाची आहे. ट्राय व्यक्तिगत तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे आणि तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, हे स्पष्ट केले आहे. प्रत्येक ठिकाणी नोंदी कामाला येतात. राउटरला वायरीने संगणक जोडून आठवडाभर सकाळी आणि रात्री वेग मोजावा, तारीख-वेळेसह वहीत लिहावा. 'इंटरनेट स्लो आहे' या तक्रारीला उत्तर मिळत नाही. सात दिवसांच्या तक्त्याला द्यावे लागते.

आमच्या घरी एवढे काही करावे लागले नाही. राउटर चपलांच्या कपाटातून दिवाणखान्यात आला, टीव्हीला वायर जोडली आणि चित्रपट शेवटपर्यंत चालला. वडिलांनी तो पाहिला. पण त्यानंतरही कित्येक दिवस रिमोट हातात घेताना ते आधी माझ्याकडे पाहत. वेग एका संध्याकाळीत परत आला, त्यांचा आत्मविश्वास यायला महिना लागला.

एखादी यंत्रणा बिघडल्यावर स्वतःचा दोष सांगत नाही, तेव्हा तो दोष घरातल्या सर्वांत संकोची माणसाच्या माथी जातो. तो आजोबांच्या माथी जातो, स्वयंपाक आटोपून घटकाभर बसलेल्या आजीच्या माथी जातो. पुढच्या वेळी चक्र फिरेल तेव्हा राउटर जरूर तपासा. पण त्याआधी त्यांना एवढे सांगा, की चूक तुमची नाही. दूरदर्शनची ती जुनी पाटी निदान एवढे तरी सांगत होती.