मालवाहू गाडी : मागणी नोंदवून की यार्डातील तयार?

अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनाऱ्यावरील तालुक्यांत फिरताना बागायतदारांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. पूर्वी असे प्रश्न बियाण्याचे वा खताचे असत. हा गाडीचा असतो. “साहेब, पिकअप घ्यायची आहे. मनासारखी नोंदवून थांबावे, की यार्डात उभी आहे ती उचलावी?” हा विषय कृषी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु बहुतेक घरांत जमिनीखालोखालची ही सर्वांत मोठी खरेदी असते, तिच्यासाठी बँकेचे कर्ज निघते आणि त्या कर्जाचा हप्ता आंबा, कांदा व भाजीपाला यांतूनच फेडावयाचा असतो. तेव्हा गाडी हे शेतीचे अवजारच होय व तिचा विचार अवजाराप्रमाणेच झाला पाहिजे.

माझे मत आरंभीच सांगतो. गाडी मागणी नोंदवून घ्यावी; मात्र ती मागणी पावसाळ्यात नोंदवावी. हंगाम दारात आल्यावर नोंदणी करून थांबणे हा शुद्ध तोटा आहे, आणि तो तोटा माझ्याच सल्ल्याने एका बागायतदारास सोसावा लागला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अलिबाग तालुक्यातील एक आंबा बागायतदार जानेवारीअखेर माझ्याकडे आले. यार्डात एक गाडी तयार होती, पण तिचा हौदा आखूड होता. मी त्यांना म्हणालो, “जन्माची वस्तू आहे, लांब हौद्याची नोंदवा.” विक्रेत्याने सहा आठवड्यांचा वायदा केला. रायगडचा आंबा रत्नागिरी-देवगडच्या मागून बाजारात येतो, त्यामुळे मार्चमध्ये गाडी मिळाली तरी चालेल, असा माझा हिशेब होता. गाडी आली मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. सारा आंबा भाड्याच्या टेम्पोने तुर्भ्याच्या फळबाजारात गेला. टेम्पोवाल्याच्या सोयीने रात्री-अपरात्री भरावा लागला आणि दोन खेपा तर मिळाल्याच नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याने मात्र फेब्रुवारीत यार्डातील गाडी घेऊन पहिल्या तोडणीपासून स्वतःचा माल स्वतः नेला. त्या वर्षी शेजारी शहाणा ठरला, हे मला मान्य केलेच पाहिजे.

पण गोष्ट तेथे संपली नाही. तीन वर्षांनी शेजाऱ्याने गाडी विकावयास काढली, तेव्हा घेणाऱ्याने प्रथम नोंदणीपुस्तक उघडून निर्मितीचा महिना व साल पाहिले. गाडी त्यांनी नवी म्हणून घेतली त्याच्या अकरा महिने आधी कारखान्यातून निघाली होती. वापरलेल्या गाडीची किंमत निर्मितीच्या सालावरून ठरते, खरेदीच्या तारखेवरून नव्हे. शिवाय ती गाडी त्यांच्या गरजेहून एक पायरी मोठी होती, त्यामुळे परवान्याचे काम त्यांच्यामागे लागले होते.

हा परवान्याचा मुद्दा पुष्कळांस ठाऊक नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ प्रमाणे गाडी व माल मिळून एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मालवाहू गाडीस परवाना लागत नाही, त्यावर लागतो. पिकअप या एकाच नावाखाली या मर्यादेच्या अलीकडच्या व पलीकडच्या अशा दोन्ही गाड्या विकल्या जातात आणि उभ्या उभ्या पाहिल्या तर त्यांत फरक दिसत नाही. यार्डात जी उभी असेल ती विक्रेता तुम्हांस चांगली म्हणून सांगणार. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्याकडील प्रत्येक गाडीवर व्याज चढत असते आणि जी सर्वांत अधिक दिवस उभी तीच त्यास आधी काढावयाची असते. वाहनपरवान्याची भीती मात्र आता राहिलेली नाही. हलक्या मोटारीचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे.

बैलगाडीच्या काळी असा पेच पडत नसे. सुतारास सांगून गाडी करवून घेत. लांबी-रुंदी घरच्या मालाप्रमाणे आणि जुवाची उंची घरच्या बैलांप्रमाणे. पिकअपच्या बाबतीत आपण हा विवेक का सोडला, हे मला उमगत नाही. मालाचा विचार करून पाहा. कार्ले-खंडाळे भागातील पांढऱ्या कांद्यास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो माळा करून विकला जातो, आणि माळांनी हौदा भरतो तेव्हा वजन निम्मेही झालेले नसते. तेथे हौद्याची लांबी व बाजूच्या फळ्यांची उंची महत्त्वाची. नारळाचे उलट आहे. न सोललेला एक नारळ सव्वा किलोचा धरला, तर हजार नारळांचे साडेबारा क्विंटल होतात व तेवढ्यातच गाडीची क्षमता संपते. भाजीचे वीस किलोचे साठ क्रेट म्हणजे बारा क्विंटल. ज्याच्या घरी आठवड्यास पाच-सहा क्विंटल भाजीच निघते, त्यास २००५ साली बाजारात आलेला व ‘छोटा हत्ती’ नावाने रूढ झालेला टाटा एस किंवा त्या जातीची लहान गाडी पुरते. क्षमतेबाहेर भरून भागवू, असे मनात आणू नये. जादा भारास कायद्यात वीस हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनास दोन हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि घाटात ब्रेक लागला नाही तर दंडाचा विचार करण्यासही कोणी उरत नाही.

मागणी नोंदवणे म्हणजे वर्षानुवर्षे वाट पाहणे, अशी धास्ती जुन्या मंडळींच्या मनात अजून आहे. एके काळी बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे थांबावे लागे, हे ज्यांनी पाहिले त्यांना दोष कसा द्यावा? २०२१ व २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक चिप्सच्या टंचाईमुळे जगभर गाड्या अडल्या, तेव्हा ती धास्ती पुन्हा जागी झाली. म्हणूनच नोंदणीस पुरेसे महिने हाताशी ठेवावेत. भात लावून झाले, की जुलै-ऑगस्टमध्ये नोंदवावे. दोन महिन्यांचे चार महिने झाले तरी भातानंतर लावलेला कांदा काढणीस येण्यापूर्वी गाडी अंगणात येते आणि आंब्यापर्यंत तिची पहिली दुरुस्ती-तपासणीही आटोपलेली असते. गाडी दसऱ्याच्या मुहूर्तावरच हवी, असा हट्ट मात्र नसावा. त्या दिवशी सर्वांनाच ती हवी असते.

नोंदणीच्या पावतीवर गाडीचा पूर्ण प्रकार, हौद्याची लांबी, देण्याची तारीख आणि त्या तारखेस गाडी न दिल्यास आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट लिहून घ्यावी. तोंडी वायद्यास अर्थ नाही. किंमत कोणत्या दिवसाची, हेही लिहून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी ऑगस्टमध्ये नोंदणी केली व ज्यांचे बिल त्या तारखेनंतर झाले, त्यांना कमी दराचा लाभ मिळाला. करापूर्वीची किंमत सात लाख धरली तर हा फरक सत्तर हजारांचा होतो. अर्थात कर वा किंमत वाढली, तर वाढही थांबलेल्यानेच सोसावयाची असते.

यार्डातील गाडी घेऊच नये, असे मात्र नाही. जुनी गाडी ऐन हंगामात बंद पडली, तर दुसरा मार्ग नसतो. कधी कधी तेथे खरोखरच स्वस्त मिळते. ३१ मार्च २०१७ रोजी बीएस-३ गाड्यांची विक्री न्यायालयाच्या आदेशाने बंद व्हावयाची होती, तेव्हा अखेरच्या दोन दिवसांत मोठ्या सवलती दिल्या गेल्या. पण त्याच मोहाने मार्च २०२० मध्ये बीएस-४ गाडी घेणाऱ्यांपैकी कित्येकांची नोंदणी टाळेबंदीत अडकली आणि गाडी महिनोन्‌महिने दारात उभी राहिली. तेव्हा सवलत कशासाठी दिली जात आहे, हे विक्रेत्यास स्पष्ट विचारावे.

पूर्ण पैसे भरण्यापूर्वी चासी क्रमांक लिहून घ्यावा आणि नमुना २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर निर्मितीचा कोणता महिना व साल येणार, ते पाहावे. डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली, तर ती महिन्याचीच असूनही कागदावर वर्षाने जुनी ठरते. तेवढी सूट मागून घ्यावी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढील दोन सालाचे. ते गाडीच्या निर्मितीशी जुळतात का, पाहावे. आपल्या किनाऱ्याची हवा खारी आहे. एक पावसाळा उघड्यावर काढलेल्या गाडीखाली वाकून पाटे, नटबोल्ट व सायलेन्सर यांवर गंज आहे का, हे स्वतः तपासावे. बॅटरी उतरलेली असेल तर बदलून मागावी. काट्यावर चारपाचशे किलोमीटर दिसले, तर गाडी दाखवण्यासाठी फिरवली गेली आहे असे समजून तसा भाव करावा.

श्रीवर्धन, दिवेआगर भागातील ज्या बागायतदारांच्या वाड्या ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आडव्या झाल्या, त्यांच्याविषयी मला वेगळे सांगावयाचे आहे. नव्याने लावलेली सुपारी व नारळ यांना पुरते उत्पन्न येण्यास वर्षे लागतात, हप्ता मात्र पुढल्या महिन्यापासून सुरू होतो. त्यांनी तूर्त मागणीही नोंदवू नये आणि यार्डाकडेही फिरकू नये. आळीतील चार वाड्यांनी मिळून एकच टेम्पो पूर्ण हंगामासाठी लेखी ठरवावा, भाडे खेपेवर न ठेवता महिन्यावर ठेवावे आणि कोणाचा माल कोणत्या वारी भरावयाचा, हे आधी ठरवून टाकावे.