आज्ञावली सभागृहापुढे आली पाहिजे

कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाणे महापालिकेची मार्च २०२२ मध्ये. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे, असा संविधानाच्या २४३-यू या अनुच्छेदाचा स्पष्ट दंडक आहे. तरीही आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादात वर्षे गेली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत या दोन्ही शहरांचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती राहिला. या काळात मालमत्ता कराची देयके निघत होती, जन्म-मृत्यूचे दाखले मिळत होते, तक्रारींना क्रमांकही पडत होते. सभागृह बंद होते आणि संगणक चालू होता. संगणकाविषयी आपल्या चळवळीत जे मतभेद आहेत, त्यांचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू व्हावा असे मला वाटते.

हे मतभेद ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत. पहिल्या मताचे लोक म्हणतात की संगणकाने कारभारातला दलाल हटवला आणि सामान्य माणसाचा हेलपाटा वाचवला. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात की संगणक हे भांडवलाचे हत्यार असून त्याने कायम नोकऱ्या खाल्ल्या आणि नागरिकाला पाळतीखाली आणले. तिसरे मत बहुधा तरुण कार्यकर्त्यांचे आहे. यंत्र निर्दोष आहे, दोष मालकीचा आहे. सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले की प्रश्न सुटेल, असे त्यांचे प्रतिपादन असते. या तिन्ही मतांत तथ्य आहे. पण लोकशाहीचा मूळ प्रश्न तिन्हींतून निसटतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी इतिहासाची उजळणी करू. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात संगणक बसवण्यास कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. बेकारी वाढत असताना माणसांचे काम यंत्राकडे सोपवावे काय, हा त्या काळाचा खरा प्रश्न होता आणि तो विचारणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. पुढे १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी संगणकीकरणाविषयी व्यवस्थापनांशी करार केला. फोर्टमधल्या बँकांत नोकरी करणारी हजारो कुटुंबे ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथे राहत होती. संगणक कोणत्या अटींवर येणार हे संघटित कर्मचाऱ्याला तेव्हा वाटाघाटीच्या मेजावर बसून ठरवता आले, ही त्या करारातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

दुसरी घटना समाजवाद्यांना अधिक जवळची आहे. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९७८ साली भारतातून गाशा गुंडाळला. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार विदेशी भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्यास ती तयार नव्हती. या प्रसंगाचे वर्णन ‘समाजवाद्यांनी संगणकाला हाकलले’ असे केले जाते, ते खोटे आहे. आयबीएमच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली आणि त्याच सीएमसीने १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाची व्यवस्था उभी केली. १९८६ साली रेल्वेने क्रिस ही स्वतःची संस्था स्थापन केली. आज डोंबिवलीच्या फलाटावरचा प्रवासी मोबाइलवर उपनगरी गाडीचे तिकीट काढतो, ती व्यवस्था याच संस्थेने तयार केलेली आहे. सार्वजनिक क्षेत्राला हे काम जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी रोज लाखो लोक वापरतात ते हे उदाहरण विसरू नये. सीएमसी मात्र २००१ साली सरकारने टाटा समूहाला विकली, हेही नमूद केले पाहिजे.

आता आपल्या शहरांकडे येऊ. कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली, परंतु तिची पहिली निवडणूक १९९५ साली झाली. प्रशासकीय राजवट ही या शहराला नवी गोष्ट नाही. याच महापालिकेने २००२ च्या सुमारास नागरी सुविधा केंद्रे उघडून राज्यात ई-शासनाचा पहिला मोठा प्रयोग केला आणि राज्य सरकारने तो इतर शहरांपुढे नमुना म्हणून ठेवला. या प्रयोगाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सकाळी साडेसातची गाडी पकडून रात्री आठला परतणाऱ्या माणसाला कार्यालयीन वेळेत खिडकीशी उभे राहायचे तर एका दिवसाच्या पगारावर पाणी सोडावे लागे. रोजंदारीच्या मजुराला तर दाखला म्हणजे एका दिवसाचा खाडा. हे हेलपाटे कमी होणे ही गरिबाच्या खिशातली बचत आहे, आणि ज्याने ती रांग कधी लावली नाही त्यानेच तिला क्षुल्लक म्हणावे.

परंतु ही सोय होत असताना आणखी एक स्थित्यंतर घडले आणि त्याची चर्चा झाली नाही. पूर्वी नियम ठरावात, पोटनियमात आणि परिपत्रकात असे. कारकून तो चुकीचा लावी, तेव्हा नागरिक त्याच्याशी भांडू शके आणि नगरसेवक फाईल मागवू शके. आज नियम आज्ञावलीत आहे. कागदावरचा ठराव एक सांगतो आणि प्रत्यक्ष हिशेब आज्ञावली करते. ती लिहिणारा तंत्रज्ञ खासगी कंपनीत बसलेला असतो आणि सभागृहाला तिचे तोंडही पाहायला मिळत नाही.

एक साधे उदाहरण घ्या. समजा, एखाद्या खोलीची मालमत्ता कराची थकबाकी १०,००० रुपये आहे आणि दरमहा दोन टक्के दराने वर्षाची शास्ती २,४०० रुपये झाली आहे. घरधनी ५,००० रुपये भरतो. आज्ञावलीने ही रक्कम आधी शास्तीत वळती केली, तर मुद्दल ७,४०० रुपये उरते आणि पुढची शास्ती दरमहा १४८ रुपये लागते. तीच रक्कम आधी मुद्दलात वळती केली, तर मुद्दल ५,००० रुपये उरते आणि शास्ती १०० रुपये होते. जुनी शास्ती उभी राहते, पण वाढत नाही. महिन्याला ४८ रुपयांचा हा फरक हजारो थकबाकीदारांना लागू झाला की ते करधोरण होते. कराचे दर दरवर्षी फेब्रुवारीत ठरवण्याचा अधिकार कायद्याने सर्वसाधारण सभेला दिला आहे. मग वसुलीचा असा क्रम आज्ञावलीत लिहिला जातो, तेव्हा तो कोणी ठरवला, कोणत्या ठरावाने, आणि तो बदलायचा तर अर्ज कोणाकडे करायचा? या प्रश्नाला ‘सिस्टीममध्ये तसेच आहे’ हे उत्तर मिळत असेल, तर सभागृहाचा अधिकार ‘सिस्टीम’कडे गेला असा त्याचा अर्थ होतो.

हा अधिकार नकळत जातो असेही नाही. स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तो आणीबाणीच्या घोषणेचा चाळिसावा स्मृतिदिन होता. तारीख योगायोगाची असेल, पण योजनेची रचना योगायोगाची नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची निवड झाली. योजनेच्या अटीनुसार प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तिचे भागभांडवल राज्य सरकार आणि महापालिका यांच्यात समसमान वाटलेले होते आणि प्रकल्पापुरते सभागृहाचे अधिकार तिच्याकडे सोपवावेत, अशी मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा होती. कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष या मार्गाने आले. ठाण्यात २०१८ साली तेल अवीव शहराच्या धर्तीवर ‘डिजी ठाणे’ हा उपक्रम सुरू झाला. तेल अवीवकडून शिकण्यात गैर काही नाही, परंतु नागरिकाची माहिती कोणाच्या ताब्यात राहणार याचा निर्णय प्रभागातल्या मतदारापर्यंत आला होता काय, हे विचारणे आपले काम आहे. ३१ मार्च २०२५ रोजी ती योजना संपली. कंपनीच्या काळातील यंत्रसामग्री, करार आणि माहितीचा साठा यांचा हिशेब नव्या सभागृहाने मागितलाच पाहिजे.

इथे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे महत्त्वाचे ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, हा त्या चळवळीचा गाभा आहे. १९९१ साली लिनक्स आले आणि हजारो लोकांच्या सहकार्याने उभे राहिले. केरळने २००० नंतरच्या दशकात आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण या मार्गावर नेले. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातली मेख सोपी आहे. आज्ञावली एकदा लिहिली की तिची दुसरी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. कल्याणच्या करदात्याने पैसे मोजलेली वस्तू उल्हासनगरने, भिवंडीने, मिरा-भाईंदरने पुन्हा पुन्हा विकत का घ्यावी? शिवाय एकदा एका कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलीवर कारभार बसला की दुसरीकडे जाणे इतके खर्चिक होते की निविदा ही औपचारिकता उरते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील महापालिकांना एकत्र येऊन सामायिक आज्ञावली पोसणे अशक्य नाही.

तरीही माझ्या तरुण मित्रांना मला सांगावेसे वाटते की एवढ्याने भागणार नाही. मूळ संहिता खुली असली तरी ती वाचणार कोण? आंबिवलीच्या चाळीतली बाई की वागळे इस्टेटमधला कंत्राटी कामगार? बंद खोलीचे दार उघडले, पण आत जाण्याची ऐपत मूठभरांचीच राहिली, तर एका मक्तेदारीच्या जागी तज्ज्ञांची जमात येते. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २००९ साली तेथील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळता आले पाहिजेत, हे त्या निकालामागचे तत्त्व होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये आपल्याकडील यंत्रांबाबत वेगळा निर्णय दिला आणि दोन्ही देशांची यंत्रे व व्यवस्था सारखी नाहीत, हे खरे. परंतु ‘सामान्य नागरिकाला पडताळता येणे’ ही कसोटी मतदानापुरती का ठेवावी? करदेयक, शिधापत्रिका, झोपडीची पात्रता या सगळ्याला ती लागू आहे. डॉ. लोहियांचा छोट्या यंत्रांचा आणि चौखंभा राज्याचा आग्रह वेगवेगळा नव्हता. यंत्र माणसाच्या आवाक्यात असावे आणि सत्ताही, असे त्यांना म्हणायचे होते.

म्हणून दोन्ही शहरांतील कार्यकर्त्यांनी पाच मागण्या घेऊन नगरसेवकांकडे, पक्ष न पाहता, जावे. पहिली, कर, परवाने आणि पात्रता ठरवणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीतील नियम सोप्या मराठीत लिहून सर्वसाधारण सभेपुढे मंजुरीसाठी ठेवावेत आणि मंजुरीशिवाय त्यांत बदल होऊ नये. दुसरी, यापुढच्या प्रत्येक करारात मूळ संहितेची आणि माहितीची मालकी महापालिकेची असावी, संहिता प्रसिद्ध करावी. तिसरी, कंपन्यांशी झालेले करार माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार स्वतःहून जाहीर करावेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले असले, तरी ठेकेदाराचा करार ही कोणाची खासगी बाब नव्हे. चौथी, कागदी अर्जाची खिडकी आणि तिथला कायम कर्मचारी राहिलाच पाहिजे. ज्याच्या बोटाचे ठसे कामाने झिजले आहेत किंवा ज्याच्या हाती चांगला फोन नाही, त्याचा हक्क यंत्राच्या नकाराने संपता कामा नये. पाचवी, प्रभाग समित्यांच्या बैठकांत या तक्रारींचा जाहीर आढावा घ्यावा.

या मागण्यांत क्रांतिकारक काही नाही, असे कोणी म्हणेल. पण मृणाल गोरे १९६१ साली मुंबईच्या महापालिकेत निवडून गेल्या, तेव्हा त्यांनी हातात घेतलेला प्रश्नही नळाच्या पाण्याचाच होता. पाणी कोणाला, किती आणि कोण ठरवणार, हे विचारत त्यांनी महापालिकेचा कारभार सामान्य बाईच्या स्वयंपाकघरापर्यंत आणून सोडला. आज तोच प्रश्न कराच्या, दाखल्याच्या आणि शिध्याच्या संदर्भात संगणकाला विचारायचा आहे. चार-पाच वर्षांनी सभागृहाचे दार उघडले आहे. येत्या अर्थसंकल्पी सभेत आज्ञावलीच्या देखभालीवरील खर्चाचे शीर्ष चर्चेला येईल, तेव्हा ते वाचल्याशिवाय मंजूर होऊ नये, एवढी दक्षता तरी आपल्या कार्यकर्त्यांनी प्रेक्षक-सज्जात बसून घ्यावी.