नव्या अंकांच्या रॅकवर मराठी कुठाय?

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत गेल्या आठवड्यात नवे अंक आले. कन्नड आले, इंग्रजी आले. मराठीचा एकही नाही. कन्नडवर राग नाही, तेही मी वाचतो. पण विचारलं तर उत्तर काय? "ऑनलाइन सगळं मिळतंय की!" डेटाबेस उघडला, तर भाषांच्या यादीतही मराठी नाही.

राज्यघटनेचं कलम २९ आपली भाषा जपण्याचा हक्क देतं. पेपरात आपण ते पाठ लिहितो, काउंटरवर मात्र गप्प! मागणीची वही चाळली. वर्षभरात मराठी अंकाची एकही मागणी नाही. मग ग्रंथपालांना कुठल्या तोंडानं बोलायचं?

१ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, स्टेटस ठेवतो. २ नोव्हेंबरपासून काय? साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं 'साधना' आजही निघतंय. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्याची लिंक लायब्ररीच्या पानावर टाकायला पैसे लागत नाहीत, अर्ज लागतो.

मी अर्ज दिलाय. वहीत पहिली मागणी माझी आहे. दुसरी कोण लिहिणार?