संगणकाच्या दाराला कडी लावा: रायगड किनारपट्टीवरील नागरिकांना जाहीर आवाहन

उरण, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

घरच्या संगणकावर ‘घुसखोरीचा प्रयत्न रोखला’ अशी सूचना पुन्हा पुन्हा येऊ लागली की कोणीतरी आपल्यावरच डोळा ठेवून आहे, असे वाटून माणूस धास्तावतो. पण सूचनेत ‘रोखला’ असे म्हटले आहे, म्हणजे फायरवॉलने (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या प्रोग्रामने) आपले काम चोख केले आहे. शिवाय पलीकडे बहुधा माणूस नसतोच. इंटरनेटवरचा एकेक पत्ता घेऊन कुठे काय उघडे आहे ते चाचपत जाणारे स्वयंचलित प्रोग्राम असतात. तुमचे नाव-गाव त्यांना ठाऊकही नसते. हे ठोठावणे आपल्याला थांबवता येणार नाही. दाराला कडी लावणे मात्र आपल्या हातात आहे.

कडी नसली की काय होते, ते आपल्याच किनाऱ्याने पाहिले आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा न्हावा-शेवा बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे कामही ठप्प झाले. या प्रोग्रामने वापरलेली विंडोजमधली त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिले होते. त्याआधी २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून.

आपल्याकडे आठवडाभर बंद असणाऱ्या बंगल्यांत, होम-स्टेमध्ये आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांत असे कॅमेरे रात्रंदिवस इंटरनेटला जोडलेले असतात. म्हणून प्रत्येक घराने पुढील गोष्टी कराव्यात:

१. राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवा. जमत नसेल, तर जोडणी देणाऱ्या केबलवाल्याकडून समोर बसून करून घ्या.

२. कॅमेरा आणि डीव्हीआरचे पासवर्ड बदला. मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून कोणी राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ठेवले असेल, तर ते काढायला सांगा.

३. संगणकावरील ‘रिमोट डेस्कटॉप’ (दुरून संगणक वापरण्याची सोय) बंद ठेवा. कार्यालयीन कामासाठी हवेच असेल, तर ते व्हीपीएनमधूनच वापरा.

४. अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या संगणकांबाबत निर्णय घ्या.

५. पर्यटकांसाठी वेगळे ‘गेस्ट’ वाय-फाय ठेवा. ज्यावर तुमचे हिशेब आणि कॅमेरे चालतात, त्याचा पासवर्ड भिंतीवर लावू नका.

६. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि काम झाले की डिस्क काढून ठेवा.

सूचनेत दिसणाऱ्या पत्त्यावर उलट हल्ला करण्याच्या फंदात पडू नका. तो पत्ता अनेकदा तुमच्यासारख्याच कोणाच्या तरी बाधित कॅमेऱ्याचा असतो. शिवाय परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो.

खरी काळजी करावी ती वेगळ्या खुणांची: अनोळखी यूजर खाते तयार झालेले दिसणे, पासवर्ड आपोआप बदलणे, किंवा तुमच्याच संगणकावरून बाहेर हल्ले होत असल्याची सूचना येणे. असे झाल्यास त्या संगणकाचे इंटरनेट लगेच तोडा, दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदला, तारीख-वेळेसह सूचनांची छायाचित्रे जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने संगणक तपासण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत.

या भीतीचा फायदा घेणारेही टपलेले असतात. ‘तुमच्या संगणकावर हल्ला झालाय, एनीडेस्क टाका, आम्ही दुरुस्त करतो,’ असा फोन आला तर तो सरळ कापा. एनीडेस्क म्हणजे दुरून तुमचा संगणक हाताळू देणारे अ‍ॅप. बाहेरचा प्रोग्राम जे दार उघडू शकत नाही, ते असा माणूस आपल्याच हातून उघडून घेतो. पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइन क्रमांकावर कळवा. रक्कम पुढे सरकण्याआधी रोखली जाण्याची शक्यता त्यानेच वाढते.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना आणि इथल्या कॉलेजातल्या मुलामुलींना विशेष विनंती: आपल्या घरातले आणि शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचे राउटर-कॅमेरे एकदा तपासून द्या. नवे पासवर्ड वहीत लिहून त्यांच्याच हाती द्या, आणि १९३० हा क्रमांक फोनशेजारी ठळक अक्षरांत लावा.

आपले,
किनारपट्टीवर संगणक व इंटरनेट जोडणीचे काम करणारे सहकारी